जेवणाचा रकाना नसलेला फॉर्म

जून सरता सरता कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात प्रवेशाची गर्दी सुरू होते. मी मदतकक्षाच्या टेबलावर बसतो. समोर बाप बसलेला, शेजारी पोरगं उभं. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगड, असल्या कुठल्यातरी लांबच्या तालुक्यातलं. फी विचारून होते, कागद विचारून होतात, हॉस्टेलचं विचारून होतं. मग उठता उठता, पिशवी खांद्याला लावताना, शेवटचा प्रश्न येतो : "आणि सर, ह्याच्या जेवणाखाण्याचं कसं म्हणायचं?"

पहिली काही वर्षं मी "मेस आहेत की ढीगभर राजारामपुरीत" एवढं सांगून पुढच्याला हाक मारायचो. आता तसं करत नाही. त्या प्रश्नाला खरं उत्तर आहे, फक्त ते एका वाक्यात मावत नाही. कॉलेजच्या पोरांना जेवणासाठी सरकारी मदत मिळते, पण ती जेवणाच्या नावानं येत नाही. कधी ती 'निर्वाह भत्ता' म्हणून येते, कधी 'स्वाधार' म्हणून, तर कधी घरच्या रेशनकार्डात नाव असूनही कुणाच्या ध्यानात येत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर जातीला, उत्पन्नाला, अगदी रक्तगटालाही रकाना असतो. जेवतोस कुठं, याला नसतो. मग पोरगं ती मदत शोधायला जाणार तरी कुठल्या नावानं?

म्हणून ही नावं एकेक करून उलगडतो. डोळ्यांसमोर कोल्हापुरात खोली घेऊन शिकणारी पोरं आहेत. नियम बहुतेक राज्यभर तेच.

आठवीनंतर ताट उचललं जातं

शाळेतली खिचडी सगळ्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. आज ती योजना पीएम पोषण या नावानं आठवीपर्यंत चालते. आठवी संपली की ताट उचललं जातं. नववी-दहावीचं पोरगं निदान घरी असतं, आईच्या हाताखाली. पुढं ते शहरात येतं, आणि भूक सगळ्यात जास्त लागायच्या वयात त्याच्या जेवणाचा हिशेब कुणाच्याच वहीत नसतो.

पूर्वी ही सोय समाज करायचा, पण ज्याच्या त्याच्या जातीपुरती. 'वार लावून जेवणं' हा शब्द आता म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी राहिलाय. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. पण शहरात आपल्या जातीची सात खातीपिती घरं असतील तरच वार लागणार. खेड्यातून आलेल्या बहुजनांच्या पोराला ते कुठून मिळायचं? अस्पृश्य मुलाचा तर प्रश्नच नव्हता. शाहू महाराजांनी हे नेमकं हेरलं. १८ एप्रिल १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी बोर्डिंगं उभी राहिली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळं. कोल्हापुरी माणूस अजूनही 'हॉस्टेल' न म्हणता 'बोर्डिंग' म्हणतो, आणि या शब्दाच्या मुळाशी जेवणच आहे : इंग्रजीत बोर्ड म्हणजे जेवणाचं मेज, त्यावरून रोजचं जेवण. नुसती फी माफ करून पोरगं शिकत नाही, त्याला दोन वेळा वाढावंही लागतं, हे १९०१ मध्ये कळलं होतं. २०२४ मध्ये राज्यानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. चांगलंच केलं. पण फी शून्य झालेल्या मुलीला मेसचे पैसे एक तारखेला द्यावेच लागतात.

आणखी एक सोय होती, एस.टी.तल्या डब्याची. सकाळच्या पहिल्या गाडीनं ड्रायव्हरच्या मागं डबे यायचे, फडक्यात बांधलेले, वरच्या गाठीत नावाची चिठ्ठी. पोरं स्टँडवर जाऊन आपापला डबा ओळखून घ्यायची, कालचा रिकामा परतीला द्यायची. भाकरी, पिठलं, कधी झुणका, उन्हाळ्यात आंबूस झालेली आमटी. हे अजून अगदीच बंद झालेलं नाही. पण २०२१-२२ च्या लांबलेल्या संपात गाड्या थांबल्या तेव्हा अनेक घरांची ती सवय मोडली, ती पुन्हा जुळली नाही. शिवाय चंदगडहून निघालेला डबा शंभर किलोमीटरवर पोचेपर्यंत दुपार होते.

रेशन : गावात कार्ड, कोल्हापुरात तांदूळ

सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट ही, म्हणून इथं थोडा थांबतो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्यातल्या 'प्राधान्य कुटुंबा'तल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. अंत्योदय कार्ड असेल तर माणसं कितीही असोत, घराला पस्तीस किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे, आणि जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ते फुकट राहील असं केंद्रानं जाहीर केलंय. या पाच किलोंवर नाव 'माणसाचं' आहे. म्हणजे घरच्या प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर तुमचं नाव असेल, तर त्या धान्यातले पाच किलो तुमच्या वाट्याचे आहेत, मग तुम्ही गावात असा की शहरात.

आता लोकांचा समज असा की रेशन गावातल्याच दुकानात मिळतं. तो समज जुना झाला. 'एक देश एक रेशनकार्ड' आल्यापासून आधारला जोडलेल्या कार्डावर कुठल्याही रेशन दुकानातून धान्य उचलता येतं. या सोयीला 'पोर्टेबिलिटी' म्हणतात. गावातून नाव कमी करायची गरज नाही, कोल्हापूरचं नवं कार्ड काढायची तर मुळीच नाही. महत्त्वाचं म्हणजे सगळं धान्य एकाच ठिकाणी उचललं पाहिजे असंही बंधन नाही. पोरगं इथं आपल्या वाट्याचं उचलेल, उरलेलं घरचे गावात उचलतील. दोन्हीकडच्या मशीनला एकच खातं दिसतं, बँकेच्या शिल्लक रकमेसारखं. आईनं गावात महिन्याच्या पाच तारखेला सगळं उचललं असेल तर इथं मशीन शून्य दाखवणार. म्हणून दुकानात जायच्या आधी घरी एक फोन करायचा, "माझं ठेव" म्हणून.

गेल्या वर्षी एका मुलीसोबत मी स्वतः गेलो होतो. चंदगड तालुक्यातली, तिघी मिळून एका खोलीत राहतात. दुकानदारानं कार्डाकडं बघितलं आणि मान हलवली, "हितलं न्हाई हे कार्ड. न्हाई मिळायचं." ती लगेच मागं वळली. मी म्हटलं, "मामा, पोर्टेबिलिटी करा की." हा शब्द ऐकल्यावर ते जरा थबकले. मशीनमध्ये बारा अंकी नंबर टाकला तर तिच्या घरातली सगळी नावं एकाखाली एक आली : आजी, वडील, आई, ती, भाऊ. तिनं अंगठा ठेवला. नाकारला. ओढणीला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा नाकारला. तिसऱ्यांदा मधलं बोट ठेवलं आणि हिरवा दिवा लागला. पावती आली. मामा तांदूळ मापता मापता म्हणाले, "आधी सांगायचं न्हाई का पोर्टेबिलिटी म्हणून?" म्हणजे व्यवस्था त्यांनाही ठाऊक होती, फक्त शब्द आपण उच्चारायचा होता. बाहेरच्या कार्डाचं धान्य दिलं म्हणून दुकानदाराचं काही बुडत नाही, त्या धान्याचंही कमिशन त्याला मिळतं. त्याची एकच अडचण असते, महिनाअखेरीला साठा संपत आलेला असतो. म्हणून पहिल्या पंधरवड्यात जावं.

अडतं कुठं ते सांगतो. एक, ई-केवायसी. कार्डावरच्या प्रत्येक माणसाची आधारपडताळणी झालेली असली पाहिजे, आणि घरातली शिकायला बाहेर गेलेली पोरंच नेमकी राहून जातात, कारण गावात पडताळणी चालू होती तेव्हा ती तिथं नव्हती. हीसुद्धा कुठल्याही दुकानात मशीनवर करून घेता येते. दोन, कार्डाचा रंग. पिवळं, केशरी, पांढरं असे तीन रंग. पांढऱ्यावर धान्य नाही. केशरी आहे म्हणजे धान्य मिळतंच असं मात्र नाही. त्यावर अन्नसुरक्षेचा शिक्का आहे का, ते बघायचं. शिक्का मिळायची उत्पन्नमर्यादा गावात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार. आजच्या काळात वर्षाला ५९ हजारांत शहरात घर चालवणारं कुटुंब मला एकदा दाखवा! शिवाय राज्याचा कोटाही ठरलेला आहे, सात कोटी सोळा हजारांच्या आसपास माणसांचा, तोही २०११ च्या जनगणनेवरून. कोटा भरलेला असेल तर कुणाचं नाव निघेपर्यंत नवं नाव आत जात नाही. त्यामुळं खरोखर गरजू असून शिक्का नसलेली घरं आहेतच, आणि त्यांना या लेखाचा हा भाग उपयोगी नाही, हे मला माहीत आहे.

तांदूळ मिळाला तरी शिजवायचा कशावर? हॉस्टेलवर शिजवायला परवानगी नसते, तिथं रेशनचा उपयोग नाही. खोली करून राहणाऱ्यांना आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळतो. तिघींत एक सिलिंडर आणि एक कुकर असला की दुपारचा भात निघतो. एक गोष्ट स्पष्ट सांगतो : रेशनचा तांदूळ खानावळवाल्याला विकून मेसच्या पैशांत वळता करायचा सल्ला काही शहाणे देतात. तो ऐकू नका, रेशनचं धान्य विकणं गुन्हा आहे.

रेशनबाबत तक्रार असेल तर १९६७ हा राज्याचा नंबर, आणि दुसरीकडचं कार्ड चालवण्याबद्दल १४४४५. 'मेरा राशन' ॲपवर आपल्या कार्डावर किती शिल्लक आहे आणि जवळ कुठलं दुकान आहे ते दिसतं. रेशन उचललं तर शिष्यवृत्ती कापतात अशी एक अफवा आहे, ती अफवाच. दोन्ही खाती वेगळी, त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

स्वाधार आणि त्याची भावंडं

समाजकल्याणच्या सरकारी वसतिगृहात राहणं आणि जेवणं दोन्ही मोफत असतं. जागा मात्र थोड्या, अर्ज खूप. जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहात ठेवू शकत नाही तर तेवढे पैसे तुझ्या खात्यात देतो, असा तिचा सरळ अर्थ.

रक्कम शहराप्रमाणं बदलते. मुंबई-पुण्यात वर्षाला साठ हजार. कोल्हापूर 'ड' वर्गातली महापालिका, त्यामुळं इथं जिल्ह्याच्या ठिकाणचा दर लागतो : ४३ हजार. त्यात भोजनासाठी २५ हजार, राहण्यासाठी १२ हजार, इतर निर्वाहासाठी सहा हजार. म्हणजे ही योजना पन्नास टक्क्यांहून जास्त जेवणाचीच आहे, पण नावात 'जेवण' कुठं दिसत नाही. पंचवीस हजारांना कॉलेजच्या दहा महिन्यांनी भागा, महिन्याला अडीच हजार येतात. दिवसाला ८३ रुपये. दोन वेळच्या मेसला सध्या तीन हजारांच्या आसपास जातात. पुरत नाही, पण पाचशे रुपये घरून आणणं आणि तीन हजार आणणं यात फरक आहे.

अटी मोठ्या नाहीत, पण आहेत. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आधीच्या परीक्षेत पन्नास टक्के गुण, दिव्यांगांना चाळीस. कॉलेज ज्या शहरात आहे तिथला रहिवासी नसावा. हजेरी पंचाहत्तर टक्के. कोल्हापुरात चौकशीचं ठिकाण म्हणजे विचारे माळावरचं सामाजिक न्याय भवन.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी २०२३-२४ पासून ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आली, दर तेच, पण जिल्ह्याला फक्त सहाशे विद्यार्थी. सहाशे म्हणजे आमच्या एका कॉलेजात बसतील एवढे! म्हणून अर्ज सुटला की पहिल्या आठवड्यात भरायचा. मराठा आणि इतर खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारकांच्या व नोंदणीकृत मजुरांच्या पोरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो राज्याच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो, आणि मुख्यतः व्यावसायिक अभ्यासक्रमांना. आपला कोर्स यादीत आहे का हे आधी बघा. बी.ए. करणारं, दीड एकरवाल्याचं पोरगं इथं बरेचदा बाहेरच राहतं, आणि त्यानं नेमका कुठला दरवाजा ठोठावायचा याला माझ्याकडं समाधानकारक उत्तर नाही. 'कमवा आणि शिका' एवढंच सांगतो. शिवाजी विद्यापीठात त्याची जुनी परंपरा आहे. कुंभोजमध्ये जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी ती कल्पना रयत शिक्षण संस्थेतून महाराष्ट्रभर रुजवली.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतही वसतिगृहात राहणाऱ्याला वेगळा, वाढीव भत्ता असतो. साध्या पदवीसाठी वर्षाला सहा हजार, घरून ये-जा करणाऱ्याला तीन. हॉस्टेलवर राहूनही फॉर्ममध्ये 'डे स्कॉलर'वर, म्हणजे घरून ये-जा करणाऱ्याच्या रकान्यावर, खूण करणारी पोरं दरवर्षी सापडतात. शब्द कळत नाही, पहिला पर्याय दाबून मोकळी होतात.

पैसे आले, पण कुठल्या खात्यात?

आता कागदांबद्दल. जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट, बोनाफाइड हे सगळं निघतं, थोडी पळापळ होते एवढंच. उत्पन्नाचा दाखला मात्र अर्जाची तारीख आल्यावर काढायला जाऊ नका. जूनमध्ये सेतूत जी रांग असते ती ज्यानं बघितली त्यानंच बघितली. तो एप्रिल-मेमध्ये, पोरगं गावी असताना निघतो.

खरा घोळ दोन ठिकाणी होतो.

पहिला, भाड्याचा पुरावा. स्वाधारला तुम्ही बाहेर खोली करून राहता हे दाखवावं लागतं. घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नसतात. कुणाला टॅक्सची भीती, कुणाला वाटतं पोरगं उद्या खोलीवर हक्क सांगेल. माझा अनुभव असा की पोरानं एकट्यानं मागितलं तर "बघू" म्हणतात, कॉलेजच्या लेटरहेडवर, हा कागद फक्त शिष्यवृत्तीसाठी आहे असं लिहून नेलं तर पुष्कळ जण सही करतात.

दुसरा घोळ जास्त चिवट आहे. पैसे थेट खात्यात येतात, पण फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात येतातच असं नाही. ते आधारशी 'सीड' झालेल्या खात्यात येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं सीड झालं असं नसतं. ती वेगळी नोंद आहे आणि एका आधारावर एका वेळी एकच खातं सीड असतं, सगळ्यात शेवटी जोडलेलं. आमच्याकडच्या एका पोराचे पैसे "आलेच नाहीत" म्हणून तो सात महिने खेटे घालत होता. खानावळीच्या मावशींकडं उधारी वाढत गेली, शेवटी शेवटी तो त्यांच्या गल्लीतून जायचं टाळायचा. पैसे आले होते. नवं सिमकार्ड घेताना दुकानातल्या माणसानं त्याच्या अंगठ्यावर एक खातं उघडून दिलं होतं, त्याला पत्ताच नव्हता, आणि सीडिंग तिकडं सरकलं होतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' नावाची सोय आहे. आधार नंबर आणि ओटीपी टाकला की अर्ध्या मिनिटात बँकेचं नाव दिसतं. अर्ज भरायच्या आधी ते बघायचं.

आणि पैसे हप्त्यानं, उशिरा येतात, हे धरूनच चालायचं. शासनाचं वर्ष आणि खानावळीचा महिना यांचा मेळ कधीच बसत नाही. आमच्याकडं काही शिक्षकांनी मिळून एक छोटी गंगाजळी केलीय. अर्ज मंजूर झालेल्या पोराला मेसचे दोन महिन्यांचे पैसे उसने द्यायचे, रक्कम आली की त्यानं परत करायचे. आतापर्यंत एकच जण बुडवून गेला. त्याचं लग्न झालं असं ऐकतो, असो.

दहा रुपयांचं ताट

ज्याच्याकडं कुठलाच कागद नाही त्याच्यासाठी शिवभोजन. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालं. दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण. शहरात एका ताटाचा सरकारी दर पन्नास रुपये, म्हणजे चाळीस सरकार भरतं. उत्पन्नाचा दाखला लागत नाही, जात कुणी विचारत नाही, फक्त नाव आणि फोटो घेतात. चपाती तीस ग्रॅमची, तालमीत घाम गाळणाऱ्या पोराच्या ती दाताखालीही यायची नाही. पण परीक्षेच्या दिवसांत खिशात वीसच रुपये असतील तर ते ताट मोलाचं. फक्त दुपारचं असतं आणि ताटांची संख्या ठरलेली, उशीर झाला की संपतं. केंद्रचालकांची बिलं थकली की केंद्रं बंदही पडतात, म्हणून आपल्या जवळचं चालू आहे का ते आधी विचारा. अंबाबाईच्या देवळाजवळच्या अन्नछत्रात दुपारी जाणारी पोरंही मला माहीत आहेत. ती ते कुणाला सांगत नाहीत.

सांगत का नाहीत

इथं अमेरिकेतली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तिथं स्नॅप नावाची अन्नमदतीची मोठी योजना आहे, आपल्या रेशनसारखी, फक्त धान्याऐवजी कार्डावर पैसे. अर्धवेळ किंवा त्याहून जास्त शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती सहसा मिळत नाही, पण अपवाद बरेच आहेत : आठवड्याला वीस तास काम करणारा, लहान मूल असलेला, वगैरे. तिथल्या संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या कार्यालयानं २०२४ मध्ये अहवाल दिला. २०२० मध्ये कॉलेजच्या सुमारे २३ टक्के विद्यार्थ्यांना पुरेशा अन्नाची खात्री नव्हती, आणि त्यातले जे स्नॅपला पात्र ठरू शकत होते त्यांतल्या ५९ टक्क्यांना ती मिळत नव्हती. एवढ्या श्रीमंत देशात! 'विद्यार्थ्यांना मिळत नाही' हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं, अपवादांची यादी कुणी वाचलेली नाही. कॅलिफोर्नियानं मग २०२१ मध्ये कायदा करून प्रत्येक कम्युनिटी कॉलेजात अन्न-निवाऱ्याच्या मदतीसाठी एक केंद्र आणि एक जबाबदार माणूस नेमायला लावला.

मला त्यातली माणूस नेमण्याची गोष्ट पटली. आपल्याकडं माहिती नोटीस बोर्डावर लागते, तीही अशा शब्दांत की मास्तरांनाही दोनदा वाचावी लागते. मी स्वतः जिथं शिकलो त्या कॉलेजात शिपाई भर वर्गात यायचा आणि दारातून ओरडायचा, "स्कॉलरशिपवाली पोरं हापिसात या." पन्नास जणांसमोर उठून जायचं. मी दोन वर्षं उठलो नाही. तिसऱ्या वर्षी शिपाई बदलला, नवा माणूस गुपचूप चिठ्ठी आणून द्यायचा, तेव्हा अर्ज भरला.

कोल्हापुरात तर ही लाज दुप्पट. पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय न सोडणाऱ्यांचं हे गाव, इथं "जेवलो नाही" म्हणणं म्हणजे समोरच्यावर ओझं टाकल्यासारखं. "जेवलास काय रं?" म्हटलं की पोरगं "व्हय की" म्हणतं. सकाळी एक वडापाव, दुपारी काही नाही, आणि तरी व्हय की. थेट विचारून खरं उत्तर मिळत नाही.

यंदा मी एक प्रयोग केला. छापील फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात पेनानं 'जेवण' असं लिहून पुढं रेघ ओढली. पहिल्याच पोरानं रेघेवर लिहिलं : 'हो'. मग प्रश्न बदलला, 'दुपारचं कुठं?' असं लिहायला लागलो. उत्तरं यायला लागली. मेस. डबा. मावशीकडे. काका रिक्षा चालवतात त्यांच्याकडे. हॉस्टेल. आणि बऱ्याच फॉर्मवर, बारीक अक्षरात : 'बघू'.

'बघू'वाल्यांचे फॉर्म मी वेगळे काढले आणि त्यांना निरोप दिला, पुढच्या वेळी गावाकडून येताना रेशनकार्डाची झेरॉक्स आणा, दोन्ही बाजूंची.